हद्दीचे दगड बागेत काय करतात?



रस्तारुंदीच्या नावाखाली छावणीच्या हद्दीचे जुने दगड जेसीबीनं उपटले जातात, याची चीड तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच आहे. ती पुन्हा उगाळत नाही. जे भरावात गेले ते गेले. हे पत्रक ‘वाचवलेल्या’ दगडांबद्दल आहे. दगड उपटायचा, फवाऱ्यानं धुवायचा, बागेत सिमेंटच्या ओट्यावर उभा करायचा, कोरलेल्या आकड्यात सोनेरी रंग भरायचा आणि शेजारी ‘वारसा’ म्हणून पाटी ठोकायची, ही जी रीत पडते आहे ती उघड तोडफोडीपेक्षा घातक आहे. तोडफोड करणारा निदान हारतुरे मागत नाही.

हद्दीच्या दगडावर असतं काय? एखादा आकडा, फार तर दोन-तीन अक्षरं. वरचा हात-दीड हात भाग घडीव, जमिनीत गाडलेला ओबडधोबड. नक्षी नाही, कुणा राजाचं नाव नाही, बघत राहावं असं काहीच नाही. त्याचं सगळं मोल तो कुठे रोवला आहे यात आहे. सतरा नंबरचा दगड सोळा आणि अठराच्या मध्ये उभा असतो तोवर तो रेषा सांगतो: इकडे लष्कराची जमीन, तिकडे गावाची. बागेत तोच दगड नुसता ‘सतरा’ सांगतो. शिलाहारांच्या काळापासून आपल्याकडे गधेगाळ रोवले गेले, दिलेलं दान मोडणाऱ्याला त्यांवर शाप कोरला गेला. ते दगड ज्या जमिनीसाठी होते तिथून हलवले, तर शाप कुणाला लागायचा?

आणि हा काही आमचा हळवेपणा नव्हे. भारतीय दंड संहितेचं 434 वं कलम सरकारी अधिकारानं रोवलेली हद्दीची खूण नष्ट करणं आणि ती हलवणं यांत फरक करत नव्हतं. खूण कमी उपयोगाची होईल असं कोणतंही कृत्यही त्यातच बसत होतं. शिक्षा एकच, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नव्या न्याय संहितेनं 326 व्या कलमात हीच तरतूद पुढे चालवली आहे. नुकसानीचा हेतू किंवा जाणीव शाबीत करावी लागते, म्हणून सुशोभीकरणवाले सुखरूप आहेत. पण कायद्यानं ज्याला मोडतोडीच्या पंगतीला बसवलं, त्याला जतन म्हणण्याची हिंमत दांडगी आहे.

यावर हमखास ऐकवलं जातं: आता उपग्रहावरून मोजणी होते, दगड हवेत कशाला? बरोबर, होते. संरक्षण खात्याच्या जमिनींची मोजणी 2018 साली सुरू झाली आणि जानेवारी 2022 मध्ये 17.78 लाख एकर मोजून झाल्याचं जाहीर झालं, त्यातली 1.61 लाख एकर तेव्हाच्या 62 छावण्यांच्या आतली. काम मोठं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण यंत्र बिंदू मोजतं, बिंदू कुठला तो माणसानंच दाखवावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी हद्द कुठे होती हे उपग्रहाला ठाऊक नाही. क्षेत्रफळ आणि चतुःसीमा यांचा मेळ बसेना, की न्यायालयं सहसा चतुःसीमेकडे झुकतात, आणि चतुःसीमा जागेवरच्या खुणेशिवाय कागदावरच राहते. एक एकराच्या चौकोनी तुकड्याची बाजू साधारण 209 फूट. तिथली हद्द एक फूट सरकली, की 209 चौरस फूट या खिशातून त्या खिशात जातात. आजच्या शहरी भावानं याची किंमत ज्याची त्यानं काढावी. बांध कोरणाऱ्याला हा हिशेब पाठ असतो, सौंदर्यवाद्यांनाच तो सुचत नाही.

दुसरा आक्षेप ऐकून तर हात जोडावेसे वाटतात: गोऱ्यांच्या खुणा कशाला जपायच्या? अहो, 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि वानवडी-घोरपडीच्या शिवारात छावणी पसरली. ती जमीन गोऱ्यांनी विलायतेहून बोटीत घालून आणली नव्हती. कुठल्या गावाची शीव कुठे कापली, याची जागेवर उरलेली पावती म्हणजे हा दगड. ती फाडली तर सोय घेणाऱ्याची होते, देणाऱ्याची नव्हे. ज्यांना या खुणा गुलामीच्या वाटतात, त्यांनीच खरं तर त्यांवर पहारा द्यायला हवा.

घाई आत्ताच का, तेही सांगतो. छावण्यांमधला नागरी भाग काढून शेजारच्या नगरपालिका-महापालिकांना जोडायचं धोरण आहे; एप्रिल 2023 मध्ये हिमाचलमधली खास योल छावणी त्यात पहिली बरखास्त झाली. महाराष्ट्रात अशा सात छावण्या आहेत. उद्या लष्कराचं काय आणि नागरिकांचं काय याची वाटणी होताना जुनी हद्द जागोजाग विचारली जाईल, आणि तेव्हा अर्धे दगड बागेत फोटोसाठी उभे असतील.

म्हणून मागणी साधी आहे. रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात हद्दीच्या दगडांची नोंद वेगळ्या बाबीखाली, नंबरासह घ्या. फुटपाथ दगडाला वळसा घालून न्या, वर पेव्हर ब्लॉक चढवू नका. बागेतले दगड जुन्या नकाशावरून मोजणी करून मूळ जागी परत रोवा, आकड्यातला सोनेरी रंग दगडाला इजा न करता काढा, आणि या साऱ्याचा खर्च ज्या ठेकेदारानं ते उपटले त्याच्या बिलातून वळता करा.