मीटर म्हणतो ठीक, बल्ब म्हणतो नाही!

ओहमचा नियम आपल्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. पण काळेवाडीतल्या एखाद्या गॅरेजात पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी उभी आहे, हीटरचा पंखा फिरत नाही आणि मालक 'तुम्ही इंजिनिअर ना?' म्हणून आपल्याकडे बघतोय. मग काय?

कोणी म्हणेल, पुण्यात हीटर कशाला? अहो, हीटर आणि एसी दोघांची हवा एकच पंखा ढकलतो. गॅरेजात त्याला ब्लोअर म्हणतात. पावसात काच आतून धुरकट होते, ती साफ करायला हाच लागतो. घाटात तो बंद पडला तर समोरचं दिसणंच बंद. तेव्हा हा चैनीचा विषय नाही.

आता दोन तक्रारी बघू. पहिली : नॉब 1, 2, 3 वर पंखा गप्प, 4 वर मात्र जोरात. अशा जुन्या गाड्यांत साधारणपणे पहिल्या तीन स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातो, चौथ्याला थेट. म्हणजे मोटर जिवंत आहे, संशय रेझिस्टरवर. पण तो जळला का? 10 अँपिअर करंट 0.5 ओहममधून गेला की 50 वॉट उष्णता! म्हणून तर त्याला पंख्याच्याच हवेत बसवतात. वाटेत पालापाचोळा अडकला किंवा मोटर जड फिरून जास्त करंट घेऊ लागली, की नवा रेझिस्टरही जळणार. नुसता पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

दुसरी तक्रार : पंखा कुठेच फिरत नाही, फ्यूज ठीक. नॉब 4 वर ठेवून मोटरच्या कनेक्टरला मीटर लावला, तर पूर्ण 12 व्होल्ट. निकाल : मोटर गेली! गोम इथेच आहे. डिजिटल मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. गंजलेल्या वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो 12 दाखवतो. जुना मेकॅनिक तिथे इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. तो मिणमिणला की मेकॅनिक म्हणतो, "मोटर नाय, अर्थिंग बघा."

पण दोष नेमका कुठे, हे मीटरच सांगतो. मोटर जोडून, स्विच चालू ठेवून तिच्या अर्थच्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. तिथेच दोन-तीन व्होल्ट दिसले तर चोर सापडला.

माझं म्हणणं एवढंच, की बल्ब त्यांच्याकडे, गणित आपल्याकडे, आणि दोघं भेटत नाहीत. भुर्दंड मात्र मालकाला. चांगली मोटर काढून नवी बसते, आणि पंखा तरीही बंदच!

पिंपरीत 1998 पासून इंडिका बनू लागली, 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. गाड्या बनवणाऱ्या या पट्ट्यात शिकून आपल्याला एक पंखा तपासता येऊ नये? लॅबमध्ये एका भंगार गाडीचं डॅशबोर्ड वायरिंग ठेवा. सरांनी गुपचूप एक दोष करावा, आपण तो शोधावा. मार्क फाईलच्या कव्हरला नकोत, दोष सिद्ध करण्याला द्या. तोवर काळेवाडीत एक शनिवार घालवा, राव. मीटर आपला न्या, बल्ब तिथे मिळेल!