तळ्याकडे पाठ करून

उन्हाळा लागला की लडाखच्या सहलींची पत्रकं घरोघरी पोचतात. या आठवड्यात हाती आलेल्या एका पत्रकात तिसऱ्या रात्रीसमोर ठळक टायपात छापलंय, ‘त्सो मोरिरी, पहिल्या रांगेतला तंबू, दार थेट तळ्यावर.’ पहिल्या रांगेसाठी माणशी जादा पैसे. गादी कशी आहे, न्याहारीला काय मिळेल, रात्री शेकोटी कितीपर्यंत चालेल, सगळं सविस्तर दिलंय. ज्या जागी झोपायचं तिची उंची तेवढी चार पानांत कुठेही नाही.

विमानाने लेहला उतरायचं, म्हणजे ३,५०० मीटर. दुसरा दिवस लेहमधले गोम्पा आणि बाजार. तिसऱ्या दिवशी गाडीने थेट कोरझोक. तिथे तळ्याच्या पाण्याची पातळीच ४,५०० मीटरच्या वर आहे. म्हणजे झोपण्याची उंची एका दिवसात हजार मीटरने वाढली. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. दिवसा खिंड चढून या, हरकत नाही. रात्र मात्र खाली काढा. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७-५८ टक्के उरतो आणि झोपेत श्वास आणखी मंदावतो. डोकेदुखी, मळमळ सुरू होते ती पोचल्यावर सहा-बारा तासांनी, म्हणजे नेमकी मध्यरात्री, जेव्हा ड्रायव्हर झोपलेला असतो आणि फोनला रेंज नसते.

मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या मुक्कामाबद्दल मी याच जागेत लिहिलं होतं, तेव्हा काही वाचकांना ते भय दाखवल्यासारखं वाटलं. माझं मत तसूभरही बदललेलं नाही. मनाली २,०५० मीटरवर, सरचू सुमारे ४,३०० मीटरवर, आणि अटल बोगदा झाल्यापासून हे अंतर एका दिवसात आणखी सहज कापलं जातं. सरचू सपाट आहे, नदीकाठी आहे, मोठ्या थाटाचे तंबू आहेत. पण रात्री कुणाला धाप लागली, तर उपाय एकच, खाली उतरवणं. आणि सरचूहून खाली जायला आधी वर चढावं लागतं. मनालीच्या बाजूला बारालाचा खिंड, जवळपास ४,९०० मीटर. लेहच्या बाजूला नकी ला आणि पाच हजार मीटरच्याही वरचा लाचुंग ला. जिथून आजारी माणसाला सरळ उतरवता येत नाही, ती जागा कितीही देखणी असो, पहिल्या रात्रीच्या मुक्कामाला नालायक आहे. अलीकडे जिस्पाला, ३,२०० मीटरवर, रात्र काढा. एवढंच.

पण आज मला कोरझोकबद्दल बोलायचंय. मुक्कामाची जागा कशी निवडावी आणि कशी निवडू नये, हे एकाच ओढ्याच्या काठी, तासाभराच्या चालीत, शेजारी शेजारी पाहायला मिळावं अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

कोरझोक गाव तळ्याच्या वायव्य काठावर. गावामागच्या दरीतून एक ओढा येतो, गावाला लागून खाली उतरतो आणि तळ्याला मिळण्याआधी फुटून पसरतो. त्या पसरलेल्या पाण्यावर हिरवंगार, पायाखाली दबणारं कुरण झालंय. तांबड्या-करड्या डोंगरांमधून तासन्‌तास आलेल्या डोळ्यांना ते हिरवं दिसलं, की तंबू इथेच टाकावा असं वाटणारच. पर्यटकांचे तंबू याच उतारावर, कुरणाच्या आसपास आणि काठाच्या दिशेने लागतात. दारांची तोंडं तळं कुठे आहे ते बघून ठरलेली. वारा कुठून येतो, हे ठरवताना कुणी विचारात घेतलेलं नाही.

आता त्याच ओढ्याने वर चला. तासाभरात कोरझोक फू येतं. उन्हाळ्यात तिथे चांगपा या भटक्या पशुपालकांचे रेबो उभे असतात, याकच्या केसांच्या जाडसर विणीचे काळे तंबू. इथून तळं दिसतही नाही. मधला डोंगर आड आहे, आणि तोच तळ्यावरचा वाराही अडवतो. लडाखमध्ये दुपारी वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. उघड्या काठावर त्याला अडवायला झाड नाही, झुडूप नाही, बांध नाही. वर दरीत रेबोभोवती हातभर उंचीची दगडांची भिंत रचलेली असते, आतली जमीन थोडी खणून खोलगट केलेली असते, दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला आणि माथ्यावर धूर जायला फट. भिंतीला टेकून शेणाच्या गोवऱ्यांची रास, ती ओलही अडवते आणि वाराही. ओढा जवळ आहे, पण खाली आहे. पाणी आणायला उतरावं लागतं आणि भरलेलं भांडं घेऊन चढावं लागतं. हा रोजचा त्रास चांगपांनी समजून-उमजून पत्करलाय.

मला त्या जागेत सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते हे, की दरवर्षी तंबू त्याच दगडी वर्तुळात उभा राहतो. नवी जमीन उघडी करत नाहीत. बाजूची कोंडवाड्याची जमीन खुरांनी तुडवून टणक झालेली असते, तीच पुन्हा वापरायची. गवताची जमीन चरायला. सकाळी बायका शेळ्यांना समोरासमोर दोन ओळींत उभं करतात, एकमेकींत माना गुंतवून एकाच दोरीने बांधतात आणि मागून एकेकीचं दूध काढत जातात. ही पश्मिना देणारी शेळी, आणि तिचं पोट त्या वीतभर गवतावर. गवत संपायच्या आत कुठल्या दिवशी कुठे हलायचं, हे गोबा म्हणजे त्यांचा मुखिया सगळ्यांशी बोलून ठरवतो. या माणसांच्या हिशोबात तंबूची जागा म्हणजे गवत, पाणी, वारा आणि ऊन यांची बेरीज. देखावा त्या हिशोबात कुठेही येत नाही. आणि ज्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे रात्री काढल्या त्याने देखावा वगळलाय, तर दोन रात्रींसाठी येणाऱ्याने त्याच देखाव्याचे जादा पैसे का मोजावेत, हा प्रश्न मी या आठवड्यात भेटेल त्याला विचारतोय.

लगेच एक खुलासा. चांगपा झोपतात त्या उंचीवर तुम्हीही पहिल्याच रात्री झोपा, असं मी म्हणत नाही. तिबेटी पठारावरच्या माणसांच्या शरीरात विरळ हवेत जगण्याची जनुकीय जुळवणूक हजारो वर्षांत झालेली आहे. आपल्याकडे, पुण्या-मुंबईच्या माणसाकडे, ती नाही. उंचीचा हिशोब आपल्याला आपलाच करावा लागेल. बाकी चारही गोष्टी त्यांच्याकडून जशाच्या तशा उचलाव्यात.

खालच्या कुरणावर परत येऊ. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखीच खाली वाहते आणि सखल भागात साचते. ओल्या कुरणावर टाकलेल्या तंबूच्या आतल्या कापडावर पहाटे पांढरं हिव धरलेलं असतं. बोट लावलं की स्लीपिंग बॅगवर सांडतं. पन्नास पावलं वर, कोरड्या खडीवर टाकलेला तंबू पुष्कळदा कोरडा राहतो. पण आपल्याला लागणारी थंडी हा या प्रकरणातला लहान भाग आहे. त्सो मोरिरीला बाहेर जाणारा प्रवाह नाही. जे पाणी आणि त्यासोबत जे काही आत जाईल, ते आतच राहतं. काठाजवळच्या तंबूचा शोषखड्डा अखेर कुठे झिरपतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. हे तळं २००२ पासून रामसर यादीत आहे ते पक्ष्यांमुळे. काळ्या मानेचा क्रौंच, लडाखचा राज्यपक्षी, अशाच दलदलीत घरटं करतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, ज्यांना आपले पक्षीमित्र पट्टकादंब म्हणतात, इथे पिल्लं वाढवतात. त्याच जातीचे हंस हिवाळ्यात जायकवाडीला बघायला आपण पहाटे उठून जातो. तंबूंच्या स्वयंपाकघरातल्या उष्ट्यावर मोकाट कुत्री पोसली जातात, आणि तीच कुत्री जमिनीवरची अंडी आणि पिल्लं खातात. पैठणला दुर्बिणी लावून बसणाऱ्या माणसाने कोरझोकच्या कुरणावर तंबू ठोकू नये, असं मला मनापासून वाटतं.

शेकोटीचं मी पुन्हा काढणारच. त्या पत्रकात शेकोटी ‘मोफत’ आहे. जिथे झाडच नाही तिथे लाकूड येतं कुठून? एक तर शेकडो किलोमीटरवरून ट्रकने, नाहीतर बुर्त्से नावाचं बुटकं झुडूप मुळासकट उपटून. ते वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि जळायला मिनिटंही लागत नाहीत. गावकऱ्याने हिवाळ्यात चुलीसाठी ते वापरणं वेगळं, आणि आपण गाणी म्हणायला जाळणं वेगळं. माझी खात्री आहे की ही शेकोटी आणि हे काठावरचं दार, दोन्ही २००९ नंतर आलं. ‘थ्री इडियट्स’चा शेवट पँगाँगवर झाला आणि तेव्हापासून लडाख म्हणजे निळं पाणी आणि त्याच्या काठी आपण, एवढंच चित्र डोक्यात बसलं. अंगात जाड कपडे घाला, गरम पाण्याची बाटली पायाशी घ्या. आग नको.

आपल्या सह्याद्रीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची राहिली. आपण तंबू घेऊन निघतो ते पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा ओढे आटत चाललेले असतात, त्यामुळे ओढ्याकाठची सपाट जागा शोधायची सवय आपल्या हाडीमाशी भिनलीय, आणि घरी ती बहुतेक वेळा चालूनही जाते. लडाखमध्ये भटकंतीचे महिने म्हणजेच बर्फ वितळण्याचे महिने. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी मांडीएवढा होतो, कारण दिवसभराच्या उन्हाचं पाणी वरून पोचायला वेळ लागतो; हिमनदी दूर असेल तर पूर रात्रीही येतो. म्हणून ओढा ओलांडायचा तर पहाटे, आणि तंबू टाकायचा तर काठच्या दगडांवरची ओल्या गाळाची रेघ शोधून तिच्या बऱ्याच वर.

आणि सपाट जागा दिसली की आधी विचारा, ही सपाट झाली कशी? बाजूची दरी जिथे मोठ्या दरीत उघडते तिथे पंख्यासारखी पसरलेली छान समतल जमीन असते. ती त्या दरीतून वाहून आलेल्या दगड-मातीचीच असते, म्हणजे पुन्हा येईल तेव्हा तो लोंढा तिथेच येणार. लेहला वर्षाकाठी साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे आषाढातल्या एका दिवसाचा. पण उघड्या उतारावर माती धरून ठेवायला मुळं नसतात. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली, चिखलाचे लोंढे आले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. लेहजवळच्या चोगलमसरची तर वाताहत झाली. ती घरं होती, भिंतींची. तंबूचं काय होईल ते लिहायला नको.

एका वाचक भगिनींनी विचारलंय की जुलैत सासू-सासऱ्यांना घेऊन त्सो मोरिरीला जाणं शहाणपणाचं आहे का. दोघांची तब्येत ठणठणीत असेल आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला असेल, तर जा. पण पत्रकातल्या क्रमाने नको. लेहमध्ये तीन रात्री काढा, पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा. मग सिंधूच्या काठाकाठाने चुमाथांगला एक रात्र. ते सुमारे चार हजार मीटरवर आहे, वाटेतच पडतं आणि तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, सासूबाईंना बरं वाटेल. पुढच्या दिवशी माहेचा पूल ओलांडून कोरझोक. तंबू घेऊ नका. गावात लोक घरात उतरवून घेतात, भिंती जाड असतात, जेवण चुलीवरचं असतं आणि पैसे त्या घरात राहतात. मध्यरात्री कुणाचं डोकं फुटायला लागलं तर सकाळची वाट न बघता गाडी काढून चुमाथांगकडे उतरायचं, हे ड्रायव्हरशी लेहमध्येच बोलून ठेवा आणि त्याची खोली कुठली ते बघून ठेवा. कोरझोक फूला जायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही आणि तुमचे यजमान. ओढा दुपारी चढायच्या आत परत या, आणि रेबोच्या जवळ जाण्याआधी लांबूनच हाक मारा. तिथली कुत्री बांधलेली नसतात.