डोक्यावरचा जड पट्टा

दिवसभर बिडीकामास बसलेल्या, किंवा निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून आलेल्या भगिनीस प्रकृती विचारावी, तर “डोके जड आहे” असे उत्तर बहुधा येते. हा ठणका नव्हे. कपाळाभोवती फडके आवळून बांधावे तसे दोन्ही बाजूंनी मंद दुखत राहते. काम थांबत नाही, म्हणून कोणी त्याची दखल घेत नाही. डॉक्टर यास ताणाची डोकेदुखी म्हणतात. ती अर्ध्या तासात ओसरते, कधी आठवडाभरही रेंगाळते.

कारणे पुष्कळदा दिवसाच्या क्रमातच सापडतात. बिडीची मजुरी हजारी. हजार पुरे व्हावेत म्हणून मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन् तास बसावे लागते. मान व खांदे आखडतात आणि तोच ताण डोक्यावर चढतो. त्यात न्याहारी चुकलेली, पाणी थोडे, उजेड अपुरा.

आमच्या भागात याला तंबाखूची जोड आहे. तिच्यातील निकोटीन कातडीतूनही अंगात शिरते. दवाने भिजलेली हिरवी पाने हाताळणाऱ्यास डोकेदुखी, मळमळ व चक्कर येते, ती याच कारणाने. गुजरातेतील तंबाखूच्या शेतमजुरांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला, तेव्हा हातमोज्यांनी हे प्रमाण घटल्याचे दिसले. शेतकरी बंधूंनी दव उतरल्यावर पानास हात लावावा, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा, आणि घरी येताच साबणाने अंग धुवावे. वखारीत नाकातोंडावर पदर असावा. मात्र बारीक धूळ पदराने पुरती अडत नाही, हेही ध्यानात असावे.

मिशरीविषयी आम्हांस स्पष्ट बोलणे भाग आहे. सकाळी मिशरी लावताच डोके हलके होते, म्हणून ती औषध आहे असा समज घरोघरी आहे. वस्तुतः रात्रभर निकोटीन न मिळाल्याने जे डोके धरते, तेच मिशरीने सुटते. दुखणे देणारी व उतरवणारी वस्तू एकच!

गोळ्यांचीही तीच गत. दुकानातून सुटी गोळी आणून एखादे दिवशी घेण्यास हरकत नाही. परंतु महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते; मिश्र गोळ्यांच्या बाबतीत दहा दिवसही पुरतात. मजुरी बुडू नये म्हणून रोज गोळी गिळणारी माउली अशा रीतीने आपले दुखणेच पोसत असते. गोळी घेतलेल्या दिवशी दिनदर्शिकेवर फुली मारावी. आठवड्यात दोनाहून अधिक फुल्या नियमाने पडू लागल्या, की डॉक्टरांस ते पान दाखवावे. सोळा वर्षांखालील मुलांस अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

उपवासकाळात चहा एकाएकी सोडणाऱ्यांचेही डोके दुखते. त्यांनी तो आधीपासून थोडा थोडा कमी करावा. पाणी मात्र तोडू नये. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास पाण्याने मोडत नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५३ सालीच ठरवून दिले आहे.

एरवी तासातासाने उठून मान हळूहळू फिरवावी, वेळेवर खावे, वेळेवर निजावे. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसत असेल तर चष्म्याचा नंबर काढून घ्यावा. बामाने बरे वाटते, तेवढेच. थंडीत मात्र दारे लावून घरात शेगडी पेटती ठेवू नये. त्या धुराने येणारे जडपण प्राणावर बेतते.

डोके अकस्मात भयंकर दुखू लागले, तापासह मान ताठली, बोबडी वळली, हातपाय लुळा पडला, डोक्यास मार लागला होता, किंवा गरोदर स्त्रीस डोकेदुखीसह अंधारी आली, तर सुंठेचा लेप उगाळीत बसू नये. त्याच घटकेस गाडी करून निपाणीचे सरकारी रुग्णालय वा बेळगाव गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांस दाखवावी, आणि त्याच खेपेस रक्तदाब मोजून घ्यावा.