लग्नघरांतील तंतुवाद्यें

तुळशीचें लग्न लागलें कीं आमच्या टपालांत लग्नकार्याविषयींच्या प्रश्नांची भर पडूं लागते. या महिन्यांत विठ्ठलवाडीच्या एका गृहस्थांनीं विचारलें आहे, ‘मुलीच्या लग्नांत कानठळ्या बसविणारा थाट नको, सतार-व्हायोलिन वाजविणारा चारपांच जणांचा संच बोलवावा असें घरांत घाटत आहे. पण निवड करावयाची कशी? मोबाईलवर ज्यांच्या चित्रफिती पाहिल्या ते सगळेच चांगले वाटतात.’ प्रश्न रास्त आहे. यांत हौस आहे, तसाच मध्यम स्थितीच्या एका कुटुंबाचा बराच पैसाही गुंतला आहे.

दोन वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या घरच्या कार्याला आम्ही गेलों होतों. चार वादक ठरले होते. प्रत्यक्षांत दोघेच आले, आणि त्यांच्यामागें एक लहानसें यंत्र ठेवलेलें होतें. हात दोघांचे हलत होते, सूर मात्र सातआठ वाद्यांचे निघत होते. पाहुण्यांना त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. पण वधूच्या आजीबाई तरुणपणीं व्हायोलिन शिकलेल्या. त्या मोठ्या उत्साहानें पुढच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि थोड्याच वेळांत उठून आंत गेल्या. ‘त्यानें गज खालीं ठेवला तरी वाजतेंच आहे,’ एवढेंच त्या म्हणाल्या. यजमानांनीं ठरलेले पैसे पुरते दिले व ते गप्प बसले; भर कार्यांत तंटा कोणाला हवा असतो? तेव्हां आमचा मुख्य सल्ला हा, कीं चित्रफीत पाहून ठरवूं नका. वादकांना समोर बसून ऐका, आणि ज्यांना ऐकलें तींच माणसें येतील व स्वतः वाजवितील असें लेखीं घ्या.

आतां वाद्यांविषयीं. सनई-चौघड्याची जागा तंतुवाद्यांनीं घ्यावी असें आम्हांला वाटत नाहीं. सनईचा आवाज अंगणाचा व देवळाच्या नगारखान्याचा. अक्षता पडतांच मंडप तिनेंच भरावा. तंतुवाद्यें शोभतात तीं पाहुण्यांच्या आगतस्वागताला, पंगतीच्या वेळीं व सायंकाळच्या समारंभाला. त्यांतही भेद आहे. सतारीची तार छेडली कीं सूर उमटतो व लगेच विरूं लागतो. गप्पांच्या गलबल्यांत तो चार पावलांवर हरवतो. व्हायोलिनचा किंवा सारंगीचा सूर गज फिरत आहे तोंवर टिकतो, म्हणून गर्दींत तोच अधिक ऐकूं येतो. घरच्या कार्याला एक सतार, दोन व्हायोलिनें व तबला एवढी जुळणी पुष्कळ झाली. सतारीपुढें मात्र माईक हवा.

हीं वाद्यें आपल्याला परकीं नाहींत. मिरजेस एकोणिसाव्या शतकापासून सतारी व तंबोरे घडत आले आहेत, आणि २०२४ सालीं त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालें. व्हायोलिन युरोपांतून आलें खरें. पण गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांच्यासारख्या गवयांनीं तें गायकी अंगानें वाजवून आपलेंसें केलें. गोव्यांत चर्चच्या आश्रयानें नोटेशन शिकलेले अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टींत येऊन वाजवीत राहिले. मेहली मेहता यांनीं तर १९४० सालीं मुंबईंत पाश्चात्य पद्धतीचा चौघांचा संच उभारला. अशा संचांत दोन व्हायोलिनें, एक व्हायोला व एक चेलो असतो. या परंपरा वेगवेगळ्या आणि त्यांचें शिक्षणही वेगळें. म्हणून वादकांना आधींच विचारावें, कीं आपण राग वाजवितां, नाट्यगीतें-भावगीतें वाजवितां, कीं लिहिलेल्या पाश्चात्य रचना? नोटेशन वाचून वाजविणाऱ्याकडे ऐन वेळीं एखादें नाट्यगीत मागणें हा त्याच्यावरही अन्याय आहे.

मग जागेचा विचार. विठ्ठलवाडी हें कर्जतच्या मार्गावर कल्याणनंतरचें पहिलें स्थानक. रुळांजवळचें कार्यालय घेतलें असेल तर गाड्यांचा खडखडाट गृहीत धरावा. ज्या वेळीं समारंभ आहे त्याच वेळीं तेथें अर्धा तास बसून यावें. रिकाम्या दालनांत सूर घुमतो, माणसें भरलीं कीं तो बराच शोषला जातो, हें ध्यानांत ठेवावें. उघड्यावर तर अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते; म्हणून वादकांना भिंतीच्या आडोशानें, पाहुण्यांच्या जवळ, सावलींत बसवावें. उन्हानें तारा सैल पडतात, दमट हवेनें लाकूड फुगतें. सतारीला वरच्या सहासात तारा आणि खालीं अकरा ते तेरा तरफा. त्या सर्व जुळवावयास अर्धापाऊण तास निवांतपणा द्यावा लागतो. सतारियाला बैठक हवी. व्हायोलिन नोटेशनवरून वाजविणाऱ्याला बिनहाताची खुर्ची, कागद ठेवावयास घोडी आणि पुरेसा उजेड हवा.

कागदावर पुढील गोष्टी याव्यात : वादकांचीं नांवें व संख्या, ध्वनिमुद्रित साथ असेल कीं नाहीं, कोणी आजारी पडल्यास बदली कोण, किती वेळ वाजविणार व मध्यें विश्रांति किती, ध्वनिक्षेपक कोणाचा, आगाऊ रक्कम किती व उरलेली केव्हां. २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. सायंकाळचा कार्यक्रम त्या हिशेबानें आंखावा. मंगलाष्टकांच्या वेळीं तंतुवाद्यें थांबलेलीं असावींत. मावशी-आत्या जी पट्टी धरतील ती वादकांची असेलच असें नाहीं. थांबण्याची खूण कोणीं करावयाची तेंही आधीं ठरवावें. आणि वरातीचा बँड दाराशीं उभा असतां आंत सतार वाजविण्याचा प्रसंग कोणावर आणूं नये.

खर्च झेपत नसेल तर माणसें कमी करावींत. दोन चांगले वादक व एक तबलजी यांनीं समारंभ उणा पडत नाहीं. मागें यंत्र लावून सहा जणांचा आव आणला तर मात्र तो उणा पडतो. वादकांना पाहुण्यांबरोबर पानावर बसवावें, आणि घरांतलें एखादें तरी जाणतें माणूस त्यांच्यासमोर ऐकावयास बसलेलें असावें. आमच्या त्या आजीबाई शेवटपर्यंत बसून राहिल्या असत्या, जर त्यांना ऐकण्यासारखें कांहीं मिळतें.

विठ्ठलवाडीच्या गृहस्थांना एकच विचारावेंसें वाटतें. आपल्या पत्रांत बजेटाचा, कार्यालयाचा, व्याह्यांच्या पसंतीचा उल्लेख आहे; जिचें लग्न तिला काय ऐकावयास आवडतें याविषयीं एक अक्षर नाहीं. वादकांना ऐकावयास जाल तेव्हां तिला बरोबर न्या.