घारापुरीचा किनारा कोणाच्या हवाली?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ ही मालवाहू जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात सांडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले. त्यांपैकी काहींत विषारी कीटकनाशके होती. तेलाचा तवंग घारापुरीच्या खारफुटीपर्यंत पोहोचला. मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. कोळीवाड्यांत चुली थंडावल्या असताना अधिकारीवर्गाला मात्र एकच घोर लागला होता : जलमार्ग केव्हा खुला होणार?

लेणी डोंगरावर आहेत, त्यांना तेलाची भीती कसली, असे विचारले जाते. हा युक्तिवाद फसवा आहे. १९८७ साली जागतिक वारसा ठरलेल्या या बेटाचा इतिहास लेण्यांपुरता नाही. हे प्राचीन बंदर होते. मोराबंदराच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. दर्यावर्दी व हमालांच्या श्रमांचा हा पुरावा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, म्हणजे तेल येऊन साचते नेमके तेथेच, पुरलेला आहे. तेलापेक्षाही सफाई कधी अधिक घातक ठरते. फावडी, यंत्रे, पाण्याचे जोरदार झोत यांनी शतकांचे थर घटकेत उलटेपालटे होतात. १९५८ चा पुरातत्त्व कायदा संरक्षित जागी मनमानी खोदकाम रोखतो. परंतु माखलेली वाळू उपसणे हेही खोदकामच आहे, हे घाईच्या वेळी कोण ध्यानात घेणार?

१९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ फुटल्यावर सफाईच्या तुकड्यांबरोबर पुरातत्त्वज्ञ पाठवावे लागले. १९९७ साली अमेरिकी संघराज्याच्या खात्यांनी अशा प्रसंगांसाठी आपसांत करारच केला. हे भांडवलशाहीच्या माहेरघरी घडले!

आपल्याकडे समुद्र तटरक्षक दलाकडे, बंदराची हद्द बंदर प्राधिकरणाकडे, किनारा राज्य सरकारकडे आणि लेणी पुरातत्त्व खात्याकडे. अशा वाटणीत जबाबदारी नेहमीच शेजारच्या टेबलावर असते. समोर न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून उजळलेले आहे. घारापुरीच्या गावांना कायमची वीज मिळाली २०१८ साली. हीच सत्ताधाऱ्यांची अग्रक्रमाची यादी.

शेजारच्या जवाहर द्वीपावर तेलाच्या टाक्या आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांपैकी एक वीज कोसळून पेटली व काही दिवस धुमसत राहिली. म्हणून पुढच्या गळतीची वाट न पाहता किनाऱ्यावरील पुरातन जागांचे नकाशे सफाई-पथकांच्या हाती दिले पाहिजेत, पुरातत्त्वज्ञाला नियंत्रण कक्षात अधिकाराची जागा मिळाली पाहिजे, आणि शेतबंदर, राजबंदर व मोराबंदरच्या रहिवाशांना या कामाचे शिक्षण व पुरेशी मजुरी मिळाली पाहिजे. त्याचा खर्च तेलाची व मालाची वाहतूक करणाऱ्या कंपन्यांकडून वसूल व्हावा.