मंगळावर आधी पाणी

पारनेरच्या पोरांनी ‘सर्व्हायव्हिंग मार्स’ हा २०१८चा गेम जरूर खेळावा. मंगळावर वस्ती उभारायची, आणि खरा कस लागतो संशोधनात. जैवतंत्रज्ञान, अभियांत्रिकी, रोबोटिक्स अशा शाखांमधल्या शोधांचा क्रम प्रत्येक डावात बदलतो. तिथे पाठांतर कामाला येत नाही. नवखे खेळाडू मोठ्या यंत्रांमागे धावतात आणि वस्ती तहानेने मरते. हवेतून पाणी ओढणारी यंत्रं शेजारी-शेजारी लावली, की प्रत्येकाचं पाणी घटतं. बोअरला खेटून बोअर घेणाऱ्या आपल्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धी गावाने १९७५नंतर आधी पाणी अडवलं, जिरवलं, उसाला आवर घातला. बाकीचं मागून आलं. म्हणून सांगतो, संशोधनाच्या यादीत पाणी वाचवणारा शोध दिसला, की तोच आधी रांगेत लावा.