पदकाला कोटी, मैदानाला कुलूप!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक पटकावले आणि राज्य सरकारने एक कोटी रुपयांचे पारितोषिक तत्काळ जाहीर केले. त्या पारितोषिकाबद्दल आमची यत्किंचितही तक्रार नाही. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैलवान खाशाबा जाधवांना लोकांपुढे हात पसरावे लागले होते आणि तिथे त्यांनी जिंकलेल्या पदकानंतरच्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी महाराष्ट्राला तब्बल 72 वर्षे थांबावे लागले. तेव्हा कौतुक झाले ते उचितच झाले. परंतु पदकविजेत्याच्या गळ्यात हार घालण्यासाठी एकमेकांना कोपराने ढकलणारे हे राज्यकर्ते, ज्यांना आयुष्यात कधीही पदक मिळणार नाही, पण ज्यांना धावता, उडी मारता, चेंडू झेलता, तोल सावरता आणि पोहता आलेच पाहिजे, अशा याच राज्यातल्या कोट्यवधी मुलांसाठी आपण काय केले, याचा हिशेब द्यायला मात्र कधीही पुढे येत नाहीत. कारण त्या हिशेबाच्या वहीत काहीच नाही.

पाच ते सतरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा ते सतरा वयोगटातली भारतातली सुमारे 74 टक्के मुले या मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत असे दिसले. चारांपैकी तीन! अक्षरओळख नसलेल्या मुलाकडे पाहून ज्या समाजाला शरम वाटते, त्याच समाजात शरीराची ओळख नसलेली, पडताना हात कसा टेकावा हे न कळणारी, दोन जिने चढताच धापा टाकणारी पिढी घडते आहे आणि कोणाच्याही कपाळावर आठी उमटत नाही. शारीरिक साक्षरता हा श्रीमंतांचा छंद नव्हे. तो प्रत्येक मुलाचा हक्क आहे.

या हक्काची पहिली हत्या शाळेत होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण सक्तीचे केले. मैदानाविना शाळा असूच शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत बजावले. पण याच कायद्याने शारीरिक शिक्षणासाठी जो निदेशक देऊ केला, तो अंशकालीन, तोही फक्त सहावी ते आठवीच्या वर्गांना आणि तिथेही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच! पहिली ते पाचवीच्या मुलांना, म्हणजे ज्या वयात शरीर सर्वांत वेगाने शिकते त्या वयातल्या मुलांना, कायद्याने खेळाचा शिक्षक दिलेलाच नाही आणि डोंगरातल्या, माळावरच्या, पाड्यावरच्या लहान शाळांना तर तो कधीच मिळणार नाही. जिथे पीटीचे सर आहेत, तिथे त्यांच्या हाती शिट्टीऐवजी मतदारयाद्या आणि परीक्षांचे गठ्ठे दिले जातात, आणि खेळाचा तास गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी बळी जातो. वेळापत्रकावरचा तो तास म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

दुसरी हत्या शाळेबाहेर होते. उद्याने आणि क्रीडांगणे ही नगरपालिकांची जबाबदारी असल्याचे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नमूद आहे. प्रत्यक्षात आमच्या शहरांतली मैदाने लग्नाच्या मांडवांना, प्रदर्शनांना, सभांना आणि वाहनतळांना भाड्याने जातात. मुंबईत तर मोकळ्या जागा ‘दत्तक’ देण्याच्या गोंडस नावाखाली सार्वजनिक भूखंडांवर खासगी क्लब उभे राहिलेले या शहराने उघड्या डोळ्यांनी पाहिले. शाळांची मैदाने शाळा सुटताच कुलूपबंद होतात आणि फाटकाच्या गजांना धरून वस्तीतली पोरे आतल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहतात. ज्याच्या बापाच्या खिशात पैसे आहेत तो मुलगा तासावर भाडे भरून टर्फवर खेळतो, अकादमीत जातो, तरणतलावाचे सदस्यत्व घेतो. ज्याच्या बापाकडे नाहीत तो रस्त्यावर गाड्या चुकवत क्रिकेट खेळतो. मुलींची गोष्ट तर त्याहून संतापजनक आहे, कारण दिवे नाहीत, स्वच्छतागृह नाही, शिकवणारी ताई नाही, म्हणून वयात येताच त्यांना घराच्या उंबऱ्याआड परत पाठवले जाते. दिव्यांग मुलांचा विचार तर कोणी करतच नाही. खेळाचीही अशी जात आणि वर्ग पाडणाऱ्या व्यवस्थेने फुले-शाहू-आंबेडकरांची नावे घेऊ नयेत!

शाहू महाराजांचे नाव आम्ही जाणूनबुजून घेतो. ज्या राजाने 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला, त्याच राजाने कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले आणि तालमींना आश्रय दिला. मन आणि मनगट दोन्ही घडवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य असते, हे त्यांना ठाऊक होते. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुण्यात 1924 पासून महाराष्ट्रीय मंडळाने आणि दादरला 1925 पासून समर्थ व्यायाम मंदिराने पिढ्यान्‌पिढ्या मुले घडवली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले आणि त्या दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राचे खेळाडू करत होते. दोन खांब, मोकळी माती आणि रोज संध्याकाळी न चुकता येणारे गुरुजी, एवढ्या भांडवलावर जग जिंकणारी ही परंपरा! आणि सरकार तिला देते काय? वार्षिक समारंभात मंत्र्याचे भाषण! बाकी मंडळ चालवायचे ते वर्गणीवर आणि कार्यकर्त्याच्या खिशावर.

पैसा नाही, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. तालुक्या-तालुक्यांत क्रीडा संकुलांच्या कोनशिला बसवायला पैसा होता; कित्येक ठिकाणी त्या संकुलांत आज गवत माजले आहे, कारण ठेकेदाराचे बिल निघते, प्रशिक्षकाचा पगार निघत नाही. केंद्राने 2025-26 च्या अर्थसंकल्पात ‘खेलो इंडिया’साठी एक हजार कोटी रुपये ठेवले आणि त्याचा मोठा गाजावाजा केला. या देशात अठरा वर्षांखालील मुले चाळीस कोटींहून अधिक आहेत. भागाकार केला तर एका मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी पंचवीस रुपयेसुद्धा येत नाहीत, आणि तेही मुख्यत्वे गुणवान खेळाडू हेरण्यासाठी, स्पर्धांसाठी आणि केंद्रांसाठी. वस्तीतल्या सामान्य मुलाला रोज खेळवण्यासाठी नव्हेत. ब्रिटनने साखरयुक्त शीतपेयांवर कर बसवण्याचे ठरवले आणि त्या निर्णयाच्या आधारावर 2017 पासून इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांच्या खेळाचा निधी दुपटीने वाढवून वर्षाला 32 कोटी पौंड केला. आइसलँडने किशोरांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी क्रीडा मंडळांना सार्वजनिक पैसा दिला, राजधानीतल्या कुटुंबांना मुलांच्या वर्गणीसाठी अनुदान दिले आणि एका पिढीत किशोरवयीन मद्यपान कमालीचे खाली आणले. आमच्याकडे सप्टेंबर 2025 पासून शीतपेयांवर 40 टक्के वस्तू आणि सेवा कर वसूल होतो, पण त्यातला एक रुपयाही मुलांच्या मैदानासाठी राखून ठेवलेला नाही. जे पेय पोराचे शरीर बिघडवते त्याचा कर तिजोरीत, आणि पोर मोबाइलपुढे!

आणि अशा देशाने 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद मिळवले आहे, 2036 च्या ऑलिंपिकचे स्वप्न पाहिले आहे! पाहुण्यांसाठी स्टेडियमे बांधणार आणि घरच्या लेकरांना खेळायला जागा देणार नाही, याला राष्ट्राभिमान म्हणत नाहीत. ज्यांची हाडे आज घट्ट झाली नाहीत, ज्यांच्या हृदयाला आज कष्टाची सवय लागली नाही, ती मुले उद्या मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण होऊन सरकारी रुग्णालयांच्या रांगेत उभी राहतील. मैदानावर वाचवलेला प्रत्येक रुपया तेव्हा औषधावर दसपटीने खर्च होईल. तो खर्चही जनताच भरेल.

म्हणून आमची मागणी निःसंदिग्ध आहे. प्रत्येक गावात आणि शहराच्या प्रत्येक प्रभागात पूर्णवेळ पगारी क्रीडामार्गदर्शक नेमा. शासकीय अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शाळेचे मैदान संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांना विनाशुल्क खुले करा. तालमी, व्यायामशाळा आणि क्रीडा मंडळांना दर वर्षी न चुकता अनुदान द्या आणि त्यासाठी मुलींच्या व दिव्यांग मुलांच्या सहभागाची अट घाला. शीतपेयांवरच्या कराचा निश्चित वाटा कायद्याने या कामासाठी बांधून ठेवा. आणि खेळाच्या मैदानावर लग्नाचा मांडव घालू देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे, दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला सुटता येणार नाही. मुलांना मत नसते, म्हणून त्यांचे मैदान विकले तरी चालते, असा ज्यांचा हिशेब आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्यांच्या आईबापांना मत आहे.